समोरच्या खोलीतलं पाळणाघर

९ जानेवारी

सूनबाई, पोटभर आशीर्वाद.

परवा तुझा फोन झाल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. फोनमध्ये नेहमीसारखी खरखर होती, तू जे बोललीस त्यातलं निम्मं वाऱ्यावर गेलं, पण ‘पाळणा’ हा शब्द मी बरोबर पकडला. तूही तो दोनदा उच्चारलास. लग्नाला सहा वर्षं झाली, या सहा वर्षांत मी या विषयावर कधी तोंड उघडलं नाही, हे तू कबूल करशील. मनातल्या मनात मात्र रोज विचारत होते.

लेकीला सांगितलं तर म्हणते कशी, “आई, नक्की ऐकलंस ना?” मी म्हटलं, बाई गं, बाकी काही नाही तरी एवढं मला ऐकू येतं. तिचं बाळ आता घरभर रांगतं, त्याची दुपटी अजून धड आहेत, ती बाजूला काढून ठेवलीत. शेजारच्या शिंपिणीकडून मऊ कापड आणून दोन झबली बेतली. हसू नकोस.

आता नीट वाच. कारखान्यात उभ्याने काम करायचं नाही. पाण्याची बादली उचलायची नाही. आणि त्याला सांग, गाडी खड्डे बघून चालव. महिना उलटला, त्याची एक ओळ नाही. बाप होणार म्हणून आतापासूनच हात दुखायला लागले का त्याचे?

तुझी आई


१६ जानेवारी

आई,

तुमच्या पायांशी बसून लिहिते आहे असं समजा. समोरासमोर हे सांगायचं धाडस मला झालं नसतं.

मी फोनवर ‘पाळणाघर’ म्हणाले होते. तुमच्यापर्यंत अर्धाच शब्द पोचला. चूक तुमची नाही, मीच घाईघाईत बोलले. तसं काही नाही, आई. तुमचं पत्र वाचलं आणि चुलीवर काहीतरी ठेवलं होतं ते करपलं, एवढंच सांगते.

आमचा शिलाईचा कारखाना बंद झाला. मालकांनी यंत्रं दुसऱ्या गावी हलवली. आम्हा बायकांना हलवायचं काही त्यांच्या मनात आलं नाही. घरात बसून दिवस ढकलणं शक्य नाही. आपल्या मागच्या रस्त्याला दवाखाना आहे, पुढे बेकरी, त्याच्या पलीकडे बसडेपो. तिन्हीकडे बायका पाळीवर काम करतात आणि पोरं कुठे ठेवायची म्हणून रडकुंडीला येतात. मला दुसरं काय येतं? शिलाई येते आणि चार धाकटी भावंडं कडेवर वाढवलेली आहेत.

जागेचं विचारायचं होतं. आपली समोरची खोली, म्हणजे तुमची. तिथे ऊन येतं, फरशी सपाट आहे, दार थेट बोळात उघडतं, त्यामुळे आयांना ये-जा सोपी. तुमचं कपाट मी हलवणार नाही. पलंग तेवढा भिंतीला उभा करावा लागेल. तुम्ही ‘हो’ म्हणालात तरच.

हे बरे आहेत. कामाचा व्याप आहे.

झबल्यांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा, मला विचारू नका.

तुमची सून


२४ जानेवारी

सूनबाई,

पत्र पोचलं. ऐकण्यात चूक झाली, झालं. शिंपिणीला काय सांगायचं ते मी बघते.

खोलीचं मला विचारायचं काही कारण नव्हतं. घर तुमचं. पलंग उभा करा, आडवा करा, विकून टाका. वर्ष झालं मी इथे लेकीकडे आहे, तिथे माझं काय अडलं आहे? कपाटात वरच्या खणात माझी दोन चांगली लुगडी आहेत, त्यांना तेवढी पोरांच्या हाताची साय-साखर लागू देऊ नकोस.

तरी एक सांगते, मग तू मला खवट म्हण. आपलं पोर पडलं तर आपण जवळ घेतो, दोन धपाटे देतो, विषय संपतो. दुसऱ्याचं पोर पडलं तर त्याची आई तुझ्याकडे कशी बघेल, याचा विचार कर. तो डोळ्यांतला जाब सोसायची तयारी असेल तर हात घाल.

गाडी आहे म्हणून बरं, शाळेतून पोरं आणायला सोपं पडेल. त्याला म्हणावं, सकाळी सोडून मग कामावर जात जा. आणि व्याप व्याप काय लावलंयस? असा कसला व्याप, की आईला चार शब्द लिहायला बोटं उचलत नाहीत?

आई


५ फेब्रुवारी

आई,

तुम्ही रागावलात. तुम्ही रागावलात की वाक्यं तोकडी करता, हे मला सहा वर्षांत कळलं आहे. तरी ‘हो’ म्हणालात असं धरून मी सुरुवात केली. माफ करा, थांबण्यासारखे दिवस नव्हते.

तीन मुलं आली आहेत. पहिली चिमणी, दवाखान्यातल्या नर्सबाईंची, सहा वर्षांची, सकाळची शाळा असते. दुसरा वकील. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, पण दिवसभर ‘का?’ विचारतो म्हणून मी वकील म्हणते. चार वर्षांचा. त्याची आई बसमध्ये कंडक्टर आहे. तिसरी गुंडी, सव्वा वर्षाची, बटणाच्या गुंडीसारखी गोल. तिची आई बेकरीत भट्टीजवळ काम करते, पहाटे मुलीला माझ्या हातात देते तेव्हा तिच्या केसांना पीठ लागलेलं असतं.

खोली तुम्ही ओळखणार नाही. जुन्या गाद्या उसवून चार छोट्या केल्या. दवाखान्याच्या भंगारात लोखंडी खाटेचा कठडा मिळाला, तो स्वयंपाकघराच्या दारात आडवा लावला. खेळणी म्हणाल तर कारखान्यातून आणलेली रिकामी रिळं, डबे, आणि मी शिवलेला एक हत्ती. वकील विचारतो, हत्तीला तीनच पाय का? मी म्हटलं, कापड संपलं.

गाडी गॅरेजात आहे. त्यामुळे चिमणीला आणायला दुपारी पायीच जाते, आणि धाकट्या दोघांना घरी कुणाकडे ठेवणार म्हणून त्यांनाही घेऊन जाते. एका दोरीला हातभर अंतरावर फासे केलेत. वकील एक फासा धरतो, येताना चिमणी दुसरा धरते, गुंडी माझ्या पाठीला बांधलेली. रस्ता ओलांडायच्या आधी लाकडाची वखार लागते, तिथे ट्रक मागे घेतात. मी पुढे बघू की मागे, हेच कळत नाही. घरी पोचेपर्यंत माझी पाठ घामाने भिजलेली असते, आणि तो घाम चालण्याचा नसतो.

पुढच्या महिन्यात कचेरीतल्या तपासणीच्या बाई येणार आहेत. त्यांनी पसंती दिली तर परवाना. नाही दिली तर काय, याचा विचार मी करत नाही. म्हणजे तोच करते.

तुमची सून


१३ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं पत्र चारदा वाचलं. तुला वाटतं म्हातारीला काही कळत नाही.

गाडी गॅरेजात आहे म्हणतेस. ज्या माणसाने वयाच्या दहाव्या वर्षापासून जे दिसेल ते खोलून परत जोडलं, लिफ्ट दुरुस्त करून पोट भरतो, तो गाडी गॅरेजात देईल? रविवारी अंगणात स्वतः तिच्याखाली झोपतो तो. आणि चार पानांच्या पत्रात त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. खाटेचा कठडा तू लावलास, फासे तू केलेस. तो कुठे होता?

मी स्पष्ट विचारते. तुमचं भांडण झालं आहे का? तो घर सोडून गेला आहे का? गाडी घेऊन गेला का? तसं असेल तर लाजू नकोस. मी त्याची आई आहे म्हणून त्याची बाजू घेईन असं मनातही आणू नकोस. त्याचे कान अजून माझ्या हातात येतात.

आणि ते खोलीचं मी रागात लिहिलं. सोड ते.

पोरांना दुपारी झोपवताना गुंडीला भिंतीकडे ठेव, दाराकडे नको. रांगणारं पोर जागं झालं की आधी उजेडाकडे जातं.

मला खरं कळव. इथे कुणाला दाखवणार नाही.

आई


१ मार्च

आई,

हे मला सोडून गेलेले नाहीत. तुम्ही असं लिहिलंत आणि मी हसले आणि मग पदर तोंडाला लावून बसले. तुम्ही माझ्या बाजूने उभ्या राहणार होतात. आता सगळं सांगते, बसून वाचा.

डिसेंबरात हे कामावर लिफ्टच्या खड्ड्यात पडले. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. त्या खर्चात गाडी गेली. तेव्हापासून हे मागच्या खोलीत पडून आहेत, कुबडी घेऊन न्हाणीघरापर्यंत जातात तेवढंच. तुम्हाला कळवायचं नाही अशी यांनी मला शपथ घातली. म्हणाले, आई जेवण सोडेल. पत्र लिहायला घ्यायचे आणि फाडायचे, खोटं लिहिता येत नाही म्हणून. मला येतं, असं दिसतं.

हे आजही सांगितलं नसतं. पण मंगळवारी जे झालं त्यानंतर लपवायला काही उरलं नाही.

मंगळवारी वकिलाला ताप भरला. त्याची आई बसवर, डेपोत परतेपर्यंत निरोप देता येईना. दुपारी चिमणीची शाळा सुटायची वेळ झाली. तापलेल्या पोराला उन्हातून चालवत कसं नेऊ? गुंडीही नुकतीच झोपली होती. हे म्हणाले, “तू जा, मी आहे ना. इथून मला दार दिसतं.” मागच्या खोलीतल्या खाटेवरून समोरच्या खोलीचं दार सरळ दिसतं, ते खरं. मी दार ओढून घेतलं आणि पळत सुटले. कडी नीट बसली का, हे मी बघितलं नाही. बघितलं असं अजूनही मनाला सांगते, पण नाही बघितलं.

गुंडी जागी झाली. तुम्ही लिहिलं होतंत तसंच, उजेडाकडे गेली. दार ओढलं, ते उघडलं. यांनी हाक मारली, तिला वाटलं खेळ आहे, ती खिदळत बोळात गेली. बोळात लाँड्रीचा टेम्पो मागे येत होता. हे कुबडीसकट खाटेवरून खाली घसरले. उभं राहता येईना, म्हणून कोपरांवर सरपटत सरपटत समोरची खोली ओलांडली, उंबरठ्यापर्यंत आले. हाक ड्रायव्हरपर्यंत पोचत नव्हती. तेव्हा यांनी हातातली कुबडी जोर करून टेम्पोच्या मागच्या चाकाखाली फेकली. ती कडकन मोडली, आणि त्या आवाजाने ड्रायव्हरने ब्रेक दाबला.

मी चिमणीला घेऊन वळणावर आले तेव्हा बघितलं ते असं. हे बोळात पालथे पडलेले, एका हाताने गुंडीचा पाय घट्ट धरलेला, आणि ती यांचे केस ओढून हसत होती. ड्रायव्हर खाली उतरून चाकाखालची मोडकी कुबडी बघत उभा होता. वकील अंगावर चादर घेऊन दारात आला होता आणि विचारत होता, “काका जमिनीवर का झोपले?”

गुंडीला खरचटलंसुद्धा नाही. यांची भरत आलेली जखम पुन्हा उघडली. डॉक्टर म्हणाले सळई जागेवर आहे, नशीब, पण आता आणखी महिनाभर पाय खाली ठेवायचा नाही.

संध्याकाळी गुंडीची आई आली. मला वाटलं, सांगू नये. पोर हसतंय, कुणी बघितलं नाही, ड्रायव्हर काही सांगत फिरणार नाही. पण ती केसांतलं पीठ झटकत हसली, “त्रास नाही ना दिला?” म्हणाली, आणि माझ्याने राहवलं नाही. सगळं सांगितलं. कडीचंही. तुम्ही लिहिलेला तो डोळ्यांतला जाब, तो मी बघितला, आई. मुलीला उचलून ती निघून गेली. तेव्हापासून आलेली नाही. नर्सबाई म्हणाल्या, विचार करते. वकिलाची आई म्हणाली, मला दुसरी जागाच नाही, म्हणून तो येतो.

रोज सकाळी दाराची कडी लावते, परत येऊन हलवून बघते, परत येऊन हलवून बघते. तपासणीच्या बाई अजून यायच्या आहेत. मला एकटीला हे झेपत नाही.

आई, तुम्ही या. खोली तुमचीच आहे. पलंग आडवा करते.

तुमची सून


८ मार्च

सूनबाई,

त्याला माझे आशीर्वाद सांग. म्हणावं, हाड जुळेल, तू तिच्यावर ओरडू नकोस. रोज पायाची बोटं हलवायला सांग.

माझं येणं जमणार नाही. इथे बाळ लहान आहे, लेकीला माझ्याशिवाय कोण आहे? शिवाय प्रवास झेपत नाही. कारणं बरीच आहेत, सगळी लिहीत नाही.

तू खरं सांगितलंस ते बरं केलंस. पाळणाघर काही दिवस बंद ठेव.

आई


१४ मार्च

आई,

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मी सून आहे, माझ्यासाठी येऊ नका. पण हे तुमचे आहेत ना? मांडीत सळई घेऊन पडलेला मुलगा बघायला आईला सवड नाही, हे मला समजून घेता येत नाही. एका पलंगाचा एवढा राग? मी तो आडवा केला आहे. त्यावर तुमचा पलंगपोसही टाकला आहे. कुणी झोपत नाही त्यावर.

पाळणाघर बंद ठेव म्हणता. बंद ठेवून खायचं काय, हेही लिहायचं होतं.

जास्त बोलले असेन. परत घेत नाही.

तुमची सून


२१ मार्च

माझ्या पोरी,

परत घेऊ नकोस. ते वाचून मला बरं वाटलं, म्हणून आता खरं लिहिते. तू खरं लिहिलंस, आता माझी पाळी.

मला ऐकू येत नाही. कमी येतं असं नव्हे, येतच नाही. गेल्या वर्षी एक कान गेला, दुसरा हळूहळू गेला. फोनची खरखर मी सांगायची ती माझ्याच कानांची. लोकांच्या ओठांकडे बघून मान डोलावते, आणि नको तिथे हसते. फोन कानात खुपसून ऐकलेला तुझा ‘पाळणा’ हा माझा शेवटचा शब्द असेल, तोही अर्धा.

नोव्हेंबरात लेक बाजारात गेली होती, बाळ माझ्यावर सोपवून. मी पाठमोरी बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. मागे त्याचा पाय पाळण्याच्या गजांत अडकला. ते रडत राहिलं. किती वेळ कोण जाणे. लेक दारात आली तेव्हा ते रडून रडून निळं पडलं होतं, आणि मी त्याच्यापासून चार पावलांवर शांतपणे झबलं दुमडत होते. लेक मला एका शब्दाने बोलली नाही. तेव्हापासून बाहेर जाताना बाळ शेजारी नेऊन ठेवते. मला म्हणते, “आई, तू आराम कर.” मी आराम करते.

आता मला सांग, मी तुझ्याकडे येऊन काय करू? ज्या घरात एक पोर चाकाखाली जाता जाता वाचलं, तिथे बहिरी बाई आणून ठेवणार? त्याने हाक मारली तर मला कळणार नाही. कुणी रडलं तर कळणार नाही. माझ्या मुलाला बघायला जीव तुटतो गं. पण आले की तू पोरं माझ्यावर सोडशील, विश्वासाने सोडशील, आणि मी ‘नको’ म्हणायला लाजेन. म्हणून प्रवास झेपत नाही असं लिहिलं. प्रवास चांगला झेपतो.

त्याला हे वाचून दाखव.

आई


२७ मार्च

आई,

वाचून दाखवलं. हे म्हणाले, “मला ऐकू येतं पण उठता येत नाही. तिला उठता येतं पण ऐकू येत नाही. दोघांचं मिळून एक धड माणूस होतं की नाही?” हे पडल्यापासून पहिल्यांदा यांनी विनोद केला.

मी रागाने लिहिलं, त्याबद्दल समोर आल्यावर काय ते बोलू. आता कामाचं ऐका. म्हणजे वाचा.

तुमच्यावर एकटीवर मी एकही मूल सोडणार नाही. हे मी तुम्हाला लिहून देते, आणि तपासणीच्या बाईंनाही तुमच्या कानांचं पहिल्या झटक्यात सांगणार आहे. लपवून काय होतं ते आपण दोघींनी बघितलं. मला कान नको आहेत. मला दोरीच्या मागच्या टोकाला एक जोडी डोळे हवे आहेत. घरी कुणालाच ठेवून जायचं नाही, सगळ्यांनी मिळून जायचं, सगळ्यांनी मिळून यायचं. मी पुढे, रस्ता बघायला आणि हॉर्न ऐकायला. तुम्ही मागे, मुलं बघायला. घरात असताना यांच्या खाटेपासून तुमच्या खुर्चीपर्यंत एक नाडी बांधली आहे. टोक तुमच्या मनगटाला, मूल रडलं की हे नाडी ओढतील.

तुम्ही घाबरता, म्हणून मला तुम्हीच हव्या आहात. न घाबरणारी बाई मला नको.

नर्सबाई चिमणीला पाठवायला लागल्या आहेत. गुंडीचा अजून पत्ता नाही.

पाच तारखेची सकाळची गाडी पकडा. स्टँडवर मी येते. मुलांना घेऊनच येईन, दुसरा इलाज नाही.

तुमची सून


३ मे

लेकी, आशीर्वाद.

मी पोचले, जेवते, औषध घेते, तुझ्या भावाला बघितलं. तो आता दोन कुबड्यांवर दारापर्यंत येतो. मला बघून रडला. मी त्याचा कान धरला, मग मीही रडले. हे तुला चिठ्ठीत कळवलं होतं. आज बाकीचं लिहिते, कारण तू विचारलं आहेस, ‘आई, तिथे तुला भीती नाही ना वाटत?’

वाटते. रोज वाटते. दुपारी दोरी हातात घेतली की आधी एकेक फासा ओढून बघते. तुझी वहिनी पुढे, मधे वकील आणि चिमणी, मागे मी. वखारीपाशी आलो की सगळे थांबतात. ती एकदा मागे वळून माझ्याकडे बघते, मी मान हलवली की मगच पाऊल टाकते. मी पापणी मिटत नाही. ट्रकचा आवाज मला येत नाही, पण तो हलला की जमीन तळपायाला कळते, हे मला या वयात समजलं.

तपासणीच्या बाई आल्या होत्या. वहिनीने दारातच त्यांना सगळं सांगितलं, माझ्या कानांचं आणि मंगळवारचंही. मला ओठांवरून तेवढं कळलं. बाईंचा चेहरा काही वाचता येईना. त्यांनी कडी हलवून बघितली, कठडा हलवून बघितला, नाडी स्वतः ओढून बघितली. मी खुर्चीतून अशी उठले की त्याच दचकल्या. मग काहीतरी लिहिलं. परवाना मिळाला, पण फक्त तीन मुलांचा, आणि वरच्या बाजूला एक नवीन कडी बसवायची, आणि मुलं माझ्या एकटीच्या ताब्यात कधीच द्यायची नाहीत, असं ठळक अक्षरात लिहिलं आहे. वहिनीला वाटलं मला लागेल. मला उलट सुटल्यासारखं झालं. कागदावरच लिहिलं आहे, आता कुणी मला भलत्या भरवशाने अडकवणार नाही.

तीन मुलांचा परवाना आणि मुलं दोन. तिसरी जागा गुंडीची म्हणून वहिनीने कुणाला दिली नाही. दोघीजणी विचारून गेल्या, तिने परत पाठवलं. मी तिला म्हटलं, अगं, असं बसून चालेल का? तिने पाटीवर लिहून दाखवलं, ‘आठ दिवस बघू.’ आठ दिवस गेले, तिने पाटी पुसून परत तेच लिहिलं.

शाळेच्या वाटेवर, वखारीसमोरच, बेकरी लागते. बेकरीच्या मागच्या दाराशी एक बाई उभी असायची, कमरेला फडकं, हात बांधलेले. रोज आम्ही जाताना आम्हाला बघायची. मला वाटलं असेल कुणी, हवा खायला उभी राहत असेल. वहिनी त्या दाराजवळून जाताना मान खाली घालायची. तिसऱ्या दिवशी तिच्या केसांना लागलेलं पीठ दिसलं आणि माझ्या लक्षात आलं ही कोण ते. दुसऱ्या दिवसापासून वखारीपाशी मान हलवायच्या आधी मी एकेका मुलाच्या डोक्यावर हात ठेवायला लागले, चिमणी, वकील. तिला दाखवायला म्हणून नव्हे. म्हणजे थोडं तिला दाखवायलाही.

काल ती रस्त्यावर आली. कडेवर मुलगी. वहिनी जागच्या जागी थिजली. ती बाई वहिनीकडे गेलीच नाही. सरळ दोरीच्या मागच्या टोकाला, माझ्यापाशी आली. माझ्या तोंडाकडे बघून बरंच काही बोलली. भरभर बोलत होती, ओठ थरथरत होते, मला एक अक्षर कळलं नाही. वकील मधेच काहीतरी विचारत होता, तेही कळलं नाही. मी वहिनीकडे बघितलं, तर तिने तोंडावर पदर धरलेला.

मी मग हात पुढे केले.

मुलगी चांगली जड आहे. अंगाला ताज्या पावाचा वास येतो. तिने पहिल्यांदा माझ्या चष्म्याला हात घातला, मग कानाला.

तुझी आई